परतीचा प्रयोग

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात शनिवारी दुपारी एक ऑपेरा होतो आणि रात्री बहुधा दुसराच. दुपारचा पडदा पडला, की मुख्य रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे राखलेल्या प्रशस्त जागा कामाला येतात. चाकांवर उभे असलेले अख्खे नेपथ्य एकीकडे सरकते, दुसरीकडून दुसरे गाव आत येते, आणि संध्याकाळी आलेल्या प्रेक्षकाला दुपारच्या गावाची खूणही दिसत नाही. पुच्चिनीच्या ‘ला बोएम’चा दुसरा अंक या रंगमंचावर उघडतो तेव्हा नाताळच्या आदल्या रात्रीचे पॅरिस दोन मजल्यांवर पसरलेले असते. वर माणसांनी फुललेला रस्ता, खाली कॅफे, मधून खेळण्यांची गाडी घेऊन जाणारा फेरीवाला आणि त्याच्यामागे धावणारी पोरे. गाणे सुरू असतानाच लोक नुसत्या दृश्याला टाळ्या देतात. फ्रँको झेफिरेल्लीने ही मांडणी १९८१ मध्ये केली आणि ती आजही चालते. याच रंगमंचावर सप्टेंबर २०२३ मध्ये ‘डेड मॅन वॉकिंग’ने हंगामाची सुरुवात झाली. तिथे जवळजवळ रिकामी, राखाडी पेटी होती. कॅमेरा घेतलेली माणसे पात्रांमध्ये वावरत होती, आणि मृत्युदंडाच्या कैद्याच्या हातात सुई जाते तो क्षण वरच्या पडद्यावर भल्यामोठ्या आकारात दिसत होता. एका घरात, एकाच वाद्यवृंदाने, एकाच गायकवृंदाने या दोन्ही गोष्टी करायच्या. त्यांचे प्रमाण काय असावे, हा ऑपेरा कंपन्यांचा जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आपण बहुधा चुकीची गोष्ट मोजतो, असे माझे म्हणणे आहे.

रूढ हिशेब साधा आहे. जुना ऑपेरा घर चालवतो, नवा ऑपेरा घराची अब्रू राखतो. ‘बोएम’, ‘कार्मेन’, ‘आयदा’ यांनी गल्ला भरायचा आणि त्यातला थोडा भाग नव्या संगीतकारावर खर्च करायचा. या हिशेबात नवे काम म्हणजे दानधर्म ठरतो. दानधर्माचे नेहमी जे होते तेच मग होते: हात आखडला की पहिली कात्री त्यालाच लागते. म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये मेटने जे केले ते अनेकांना उलटे वाटले. साथीच्या काळातील दीड वर्षाच्या टाळेबंदीनंतर प्रेक्षक पूर्वीसारखे परतले नव्हते. संस्थेने आपल्या कायम निधीतून ३ कोटी डॉलरपर्यंत रक्कम काढायचे ठरवले, आणि त्याच वेळी यापुढे नवे ऑपेरा अधिक करू, असेही जाहीर केले. पुढच्या २०२३-२४ च्या हंगामात १८ पैकी ६ कामे आपल्या काळातील संगीतकारांची होती. एवढ्या मोठ्या घराने एक तृतीयांश हंगाम नव्यावर लावावा, हे गेल्या कित्येक पिढ्यांत घडले नव्हते. मुख्य व्यवस्थापक पीटर गेल्ब यांची बाजू अशी, की नवा प्रेक्षक नव्या कामामुळेच येतो. टीकाकारांची बाजू अशी, की बुडत्या नावेत भोक पाडले. दोघेही मोजतात ते एकच: किती नवे ऑपेरा केले आणि पहिल्या खेपेला किती तिकिटे गेली.

हा ‘जुन्याचा साठा’ कुठून आला ते आधी पाहू, कारण तो अनादि नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीत ऑपेराचा हंगाम म्हणजे नवा ऑपेरा असेच समीकरण होते. नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहाचा ठेकेदार दोमेनिको बार्बाया याने १८१५ मध्ये रोसिनीला करारावर आणले, ते ताजा माल पुरवण्यासाठी. रोसिनीने १८२९ पर्यंत ३९ ऑपेरा लिहिले आणि सदतिसाव्या वर्षी हे काम थांबवले. दोनिझेत्तीचे आकडे सत्तरच्या घरात जातात. त्या काळी गेल्या वर्षीचा ऑपेरा हा गेल्या वर्षीच्या फॅशनसारखा असे. गाजला तर दोन-चार गावे फिरायचा, मग विसरला जायचा. हे बदलले त्याला रसिकतेपेक्षा व्यापार अधिक कारण झाला. मिलानमध्ये जिओव्हानी रिकोर्दीने १८०८ मध्ये संगीत छापण्याचा धंदा सुरू केला. ऑपेराच्या स्वरलिपी विकण्याऐवजी भाड्याने देण्यात मोठा फायदा आहे, हे या घराण्याने ओळखले. १८६५ मध्ये एकसंध इटलीत लेखनहक्काचा कायदा आला आणि प्रत्येक प्रयोगामागे पैसे मिळण्याची खात्री झाली. वेर्दीचा जुना ऑपेरा पुन्हा पुन्हा करायला लावण्यात आता प्रकाशकाचे हित होते आणि वेर्दीचेही. जो जुना ऑपेरा पुन्हा मागवला जाई त्याचे भाडे येई, आणि जो मागवला जाई तोच लोकांच्या कानात बसे. आज आपण ज्याला अभिजात म्हणतो ती यादी अशी बनली. गुणवत्ता तर हवीच होती. पण तेवढ्याच गुणवत्तेचे किती ऑपेरा एका हंगामानंतर कपाटात गेले असतील, याचा अंदाज आज कुणालाच करता येणार नाही.

आता या यादीतील सर्वांत वरची नावे घेऊ. ‘ला त्राव्हियाता’ ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसच्या ला फेनिचेत पहिल्यांदा झाला. क्षयाने खंगून मरणाऱ्या नायिकेच्या भूमिकेतील गायिका चांगली धष्टपुष्ट होती. शेवटच्या अंकात लोक हसले. वेर्दीने मित्रांना कळवले, की प्रयोग पडला. पुढच्या वर्षी मे महिन्यात, त्याच शहरात, सान बेनेदेत्तो या दुसऱ्या नाट्यगृहात, थोडे फेरफार करून आणि योग्य गायिका घेऊन तोच ऑपेरा पुन्हा झाला आणि गाव वेडे झाले. ‘कार्मेन’चा पहिला प्रयोग पॅरिसमध्ये ३ मार्च १८७५ रोजी झाला. कुटुंबे घेऊन येणाऱ्या प्रेक्षकांना विडीच्या कारखान्यातील ही मोकळी बाई आणि रंगमंचावरचा तिचा खून पचला नाही. बरोबर तीन महिन्यांनी, ३ जूनला, त्याचा संगीतकार बिझे वारला. तो ३६ वर्षांचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हिएन्नामध्ये, गद्य संवादांच्या जागी गायलेले संवाद घालून, ‘कार्मेन’ पुन्हा उभा राहिला आणि तिथून जगभर गेला. पॅरिसने त्याला परत घेतले ते १८८३ मध्ये. आणि ‘मादामा बटरफ्लाय’: १७ फेब्रुवारी १९०४, मिलानचे ला स्काला, प्रेक्षकांतून शिट्ट्या, आरोळ्या, प्राण्यांचे आवाज. पुच्चिनीने एका रात्रीनंतर काम मागे घेतले आणि मिळालेले पैसे परत केले. लांबलेल्या दुसऱ्या अंकाचे दोन भाग केले, गाणी बदलली. २८ मे रोजी ब्रेशिया या लहान शहरात तोच ऑपेरा डोक्यावर घेतला गेला.

या तीन कहाण्या ‘थोर कलाकाराला लोक आधी ओळखत नाहीत’ या अर्थाने नेहमी सांगितल्या जातात. मला त्यातला तो भाग महत्त्वाचा वाटत नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी दुसरा प्रयोग लावला, तो भाग महत्त्वाचा वाटतो. कुठल्या तरी नाट्यगृहाच्या चालकाने, पडलेला म्हणून बोभाटा झालेला ऑपेरा, पैसे घालून पुन्हा उभा केला. संगीतकाराने दुरुस्त्या केल्या, कारण त्या वापरायला दुसरी संधी समोर होती. ऑपेरा ही तीनशे माणसांची यंत्रणा आहे. ती पहिल्याच रात्री बिनचूक चालेल, ही अपेक्षाच अवाजवी आहे. कादंबरी पहिल्या आवृत्तीत पडली तरी ग्रंथालयात राहते, चित्रही भिंतीला टेकून उरते. ऑपेराला मात्र प्रयोगाबाहेर आयुष्य नाही. कागदावरची स्वरलिपी म्हणजे चूल न पेटवलेल्या स्वयंपाकघरातला शिधा. म्हणून एखाद्या कंपनीने जुन्या-नव्याचे प्रमाण नीट राखले आहे की नाही, हे पाहायचे असेल तर हंगामात पहिले प्रयोग किती केले हे मोजून भागणार नाही. पाच, दहा, पंधरा वर्षांपूर्वीचे किती नवे ऑपेरा परत आणले, ते मोजावे.

हा निकष मेटच्याच इतिहासाला लावून पाहू. या घराची सुरुवात १८८३ मध्ये गुनोच्या ‘फाउस्ट’ने झाली. जगातला पहिलाच प्रयोग आपल्याकडे करण्याचा मान त्यांना १० डिसेंबर १९१० रोजी मिळाला, पुच्चिनीच्या ‘ला फानचुल्ला देल वेस्ट’चा. तोस्कानिनी वाद्यवृंदापुढे, कारुसो नायक. यापेक्षा मोठा थाट शक्य नव्हता. तरीही काही वर्षांत तो मेटच्या हंगामातून गेला आणि १९२९ मध्ये परतला. आज तो जगभर होतो, तो त्या पहिल्या रात्रीच्या जोरावर होत नाही. १९६६ मध्ये मेट लिंकन सेंटरच्या नव्या वास्तूत आले, तेव्हा उद्घाटनाला सॅम्युअल बार्बरचा ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ मुद्दाम लिहून घेतला होता. झेफिरेल्लीचे नेपथ्य इतके अवजड, की तालमीतच फिरता रंगमंच बिघडला. क्लिओपात्रा झालेली लिओन्टिन प्राइस पिरॅमिडमध्ये अडकून पडली. आठ प्रयोगांनंतर तो ऑपेरा मेटच्या रंगमंचावरून गेला. बार्बरने पुढे तो कापून, बदलून १९७५ मध्ये ज्युलियार्ड संगीतशाळेत करून दाखवला. म्हणजे ‘बटरफ्लाय’चे पहिले दोन अंक इथेही घडले, पडणे आणि दुरुस्ती. तिसरा अंक मात्र घडला नाही. ज्या घराने तो लिहून घेतला त्या घराने दुरुस्त केलेला ऑपेरा परत बोलावला नाही. १९६७ मध्ये आणखी एक नवा ऑपेरा झाला आणि मग जवळजवळ पाव शतक मेटने स्वतः लिहून घेतलेले नवे काही रंगमंचावर आणले नाही.

डिसेंबर १९९१ मध्ये जॉन कोरिलियानोचा ‘द घोस्ट्स ऑफ व्हर्साय’ आला आणि ही कोंडी फुटली. पाठोपाठ फिलिप ग्लासचा ‘द व्हॉयेज’, जॉन हार्बिसनचा ‘द ग्रेट गॅट्सबी’, टोबायस पिकरचा ‘ॲन अमेरिकन ट्रॅजेडी’, तान दुनचा ‘द फर्स्ट एम्परर’. पंधरा वर्षांत पाच. त्यांपैकी बहुतेक काही वर्षांनी एकेकदा परत आले, आणि मग दार लागले. परतीचा पहिला प्रयोग पुष्कळदा मूळ योजनेतच धरलेला असतो. नेपथ्य बनवलेलेच असते, ते एकदा तरी आणखी वापरायचे म्हणून. सवय लागते ती तिसऱ्या, चौथ्या खेपेला. बेंजामिन ब्रिटनचा ‘पीटर ग्राइम्स’ लंडनमध्ये जून १९४५ मध्ये झाला आणि मेटवर १९४८ मध्ये आला, तेव्हा त्याने कुणाला फारसे जिंकले नाही. १९६७ मध्ये जॉन व्हिकर्स हा गायक त्या कोळ्याच्या भूमिकेत उभा राहिला, वर्षामागून वर्षे उभा राहिला, आणि त्यानंतर ‘ग्राइम्स’ला नवा ऑपेरा म्हणणे लोकांनी सोडून दिले. गर्शविनचा ‘पोर्गी अँड बेस’ १९३५ चा. मेटवर तो १९८५ मध्ये, पन्नास वर्षांनी चढला. २०१९ मध्ये नव्या मांडणीत आला तेव्हा तिकिटांना इतकी मागणी होती, की जास्तीचे प्रयोग लावावे लागले.

इथे अमेरिकेतील लहान कंपन्यांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण परतीच्या वाटा त्यांनीच मोकळ्या ठेवल्या. ‘डेड मॅन वॉकिंग’ जेक हेगी यांनी सॅन फ्रान्सिस्को ऑपेरासाठी लिहिला, ऑक्टोबर २००० मध्ये. तुरुंगातील कैद्याला शेवटपर्यंत सोबत करणाऱ्या एका जोगिणीच्या आठवणींवर तो बेतला आहे. मेटने तो घेईपर्यंत २३ वर्षे गेली. दरम्यान अनेक देशांतील अनेक शहरांनी आपापल्या गायकांसह, आपापल्या मांडणीत तो करून पाहिला होता. टेरेन्स ब्लँचर्डचा ‘फायर शट अप इन माय बोन्स’ २०१९ मध्ये सेंट लुईसच्या ऑपेरा थिएटरमध्ये जन्मला आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी, टाळेबंदीनंतरच्या पहिल्या हंगामाच्या उद्घाटनाला, मेटवर आला. कृष्णवर्णीय संगीतकाराचा ऑपेरा मेटने रंगमंचावर आणायला १३८ वर्षे लागली, हे वाक्य लिहितानाही जड जाते. तिसऱ्या अंकाच्या आरंभी त्यात कॉलेजातील मुलांचा एक नाच आहे. वाद्यवृंद पूर्ण गप्प बसतो. फक्त बुटांच्या टाचा, मांड्यांवर पडणारे तळवे आणि मुलांच्या हाळ्या, आणि एवढ्यातून ३,८०० प्रेक्षकांचे घर दणाणते. टाळ्या थांबेपर्यंत पुढचा स्वर सुरू करता येत नव्हता. ज्या कंपनीच्या भात्यात फक्त जुने ऑपेरा आहेत तिच्या नर्तकांना, तिच्या प्रेक्षकांना हा अनुभव मिळायला वावच नाही.

आता सर्वांत टोकदार आक्षेप. मेटने परतीचा प्रयोग करून पाहिलाच की! ‘फायर’ आणि केव्हिन पुट्सचा ‘द अवर्स’, दोन्ही पहिल्या खेपेला जोरात चालले. २०२४ च्या वसंतात दोन्ही परत आणले, तेव्हा प्रेक्षक लक्षणीय घटले. ‘द अवर्स’मध्ये तर त्याच तीन नामवंत गायिका पुन्हा होत्या. मग नवा ऑपेरा म्हणजे एकदा पाहून सोडण्याची गोष्ट, हे सिद्ध झाले नाही का? माझ्या मते नाही. पहिल्या खेपेची गर्दी कुतूहलाची असते. तीन काळांतील तीन स्त्रिया, १९२३ च्या इंग्लंडमधील व्हर्जिनिया वुल्फ आणि पुढच्या दोन पिढ्यांतील तिच्या दोन वाचक, एकाच वेळी एकाच रंगमंचावर गातात म्हणजे काय, हे पाहायला लोक येतात. ते कुतूहल दीड वर्षात दुसऱ्यांदा पेटत नाही, आणि ज्यांना दुसऱ्यांदा ऐकायची ओढ लागेल त्यांची संख्या सुरुवातीला कमीच असणार. कार्मेनला पॅरिसमध्ये परत यायला आठ वर्षे लागली; मधल्या काळात तिची गाणी रस्त्यावर पोचली. परतीची घाई करणे आणि परत न आणणे या दोन टोकांच्या मधे वाट आहे: थोडे थांबून, कमी प्रयोग लावून, पण ठरावीक वर्षांनी नक्की. एका खेपेच्या कमी तिकिटांवरून दार लावले, तर १९९१ नंतरचीच कहाणी पुन्हा होईल. नव्या संगीतकाराला आपण पहिल्या रात्रीची टाळी देतो आणि त्याच्याकडून अमरत्वाची अपेक्षा करतो. मधली पंचवीस वर्षे कुणी चालवायची, हे मात्र ठरवत नाही.

दुसरा आक्षेप कानाचा आहे: नव्या संगीतात गुणगुणावे असे काही नसते. यात सत्य आहे आणि ते मान्य करायला हवे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कित्येक संगीतकारांनी गळ्याचा विचार सोडून ऑपेरा लिहिले. अलीकडच्या कित्येक ऑपेरांत प्रसिद्ध कादंबरी किंवा चित्रपट घेऊन त्याला पार्श्वसंगीत लावल्यासारखे होते. शब्द धावतात आणि गाणे त्यांच्यामागे फरफटत जाते. असे ऑपेरा परत आले नाहीत तर दुःख नको. पण ‘गुणगुणण्याजोगे’ हा गुण पुष्कळदा परिचयातून येतो. फिलिप ग्लासचा ‘सत्याग्रह’ घ्या. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील वर्षांवरचा हा ऑपेरा १९८० मध्ये रॉटरडॅमला झाला, आणि त्याचे सगळे शब्द भगवद्गीतेतील आहेत, संस्कृतात. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला त्यातले अक्षरही कळत नाही. वर्तमानपत्राचे कागद आणि अजस्र बाहुल्या वापरून केलेली त्याची मांडणी मेटने २००८ मध्ये आणली आणि २०११ मध्ये परत आणली. शेवटी गांधी एकटा उभा राहून, खालून वर चढत जाणारी एकच सुरावट पुन्हा पुन्हा गातो. पहिल्या पाच आवर्तनांत ऐकणारा कंटाळतो. नंतर केव्हा तरी, नेमके कधी ते सांगता येत नाही, तो स्वतः त्या पायऱ्या चढू लागतो. पंधराव्या अध्यायाचे पाठांतर ज्यांच्या कानावरून लहानपणापासून गेले आहे त्या मराठी माणसाला आवर्तनाची ही ताकद वेगळी समजावून सांगायला नको. संगीत नाटकाचा आपला अनुभवही याला जुळतो: १८८२ चे ‘सौभद्र’ आणि १९६७ चे ‘कट्यार काळजात घुसली’ आज एकाच दमात घेतले जातात, कारण ‘कट्यार’ पुढच्या पिढीच्या गायकांनी पुन्हा उभे केले.

पैशाचा आक्षेप सर्वांत खरा आहे, आणि त्याचे उत्तर अर्धेच देता येते. नवा ऑपेरा महाग का, हे बाहेरून लक्षात येत नाही. वेर्दी, पुच्चिनी यांचे हक्क संपले आहेत. जिवंत संगीतकाराला आणि त्याच्या प्रकाशकाला प्रत्येक प्रयोगामागे पैसे द्यावे लागतात. ‘बोएम’चा वाद्यवृंद स्वरलिपी जवळजवळ तोंडपाठ असल्यासारखा वाजवतो, मेटवर तो १,३०० हून अधिक वेळा झाला आहे. नव्या ऑपेराच्या तालमी कितीतरी अधिक घ्याव्या लागतात. ‘बोएम’चा नायक दुपारी घसा बसला म्हणून कळवतो तेव्हा संध्याकाळपर्यंत दुसरा मिळतो, कारण ती भूमिका येणारे गायक जगभर आहेत. नव्या ऑपेरात ती भूमिका पृथ्वीवर दोघांनाच येत असते, आणि त्यातला दुसरा खास त्यासाठी पगार देऊन बसवलेला असतो. त्यात ३,८०० खुर्च्यांचे घर. मिलानचे ला स्काला त्याच्या जवळपास निम्मे आहे. युरोपातल्या घरांना सरकारी मदतही आहे; मेटला ती नावापुरतीच, सगळा भार देणगीदार आणि तिकिटांवर. पण या यादीतील बहुतेक खर्च पहिल्याच खेपेचे आहेत, हे लक्षात घ्या. भूमिका येणारे गायक दोनाचे दहा होतात ते परतीच्या प्रयोगांतून. तालमी कमी होतात त्याही त्यातूनच. एकदाच करून टाकून दिलेला ऑपेरा हा सर्वांत महाग ऑपेरा. चार कंपन्यांनी मिळून एक मांडणी बनवली आणि फिरवली, तर खर्च वाटला जातो आणि परतीची सोयही होते. अनेक घरे हे करूही लागली आहेत.

काही जण एक तडजोड सुचवतात. ऑपेरा जुनेच ठेवा, मांडणी नवी करा. जुन्या-नव्याचे मिश्रण आपोआप साधेल. नवी मांडणी हवीच, पण ती वेगळी गोष्ट आहे. झेफिरेल्लीचा १९८५ चा ‘तोस्का’ काढून मेटने २००९ च्या हंगामाच्या पहिल्याच रात्री ल्युक बोंदीची उघडीबोडकी मांडणी आणली, आणि पडदा पडल्यावर दिग्दर्शकाची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. २०१७ च्या अखेरीस डेव्हिड मॅकव्हिकरची, पुन्हा रोमच्या खऱ्या वास्तू दाखवणारी मांडणी आली. आठ वर्षांत एकाच ऑपेराला दोन नवे संसार. त्यातून ‘तोस्का’बद्दल आपल्याला काही कळले असेल, पण नव्या संगीतकाराला त्यातून एक संध्याकाळही मिळाली नाही. जुन्या ऑपेराला चमत्कारिक कपडे चढवण्याची गरज जिथे वारंवार भासते, तिथे नव्या ऑपेराची भूकच चुकीच्या ताटात वाढली जात आहे, असे मला वाटते. झेफिरेल्लीचा ‘बोएम’ आहे तसा राहू द्यावा. तो पाहून रडणारी पोरगी पहिल्यांदाच ऑपेराला आलेली असते, आणि पुढच्या महिन्यात ‘द अवर्स’चे तिकीट तीच काढू शकते. हे मुंबईतही शक्य झाले आहे. मेट डिसेंबर २००६ पासून आपले प्रयोग चित्रपटगृहांत थेट दाखवते, आणि नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये ते पडद्यावर पाहणारा प्रेक्षक आहे. पडद्यावरही जुने-नवे शेजारी शेजारी असते.

तेव्हा हंगामाचे पत्रक हातात आले, की मी सांगतो त्या क्रमाने पाहावे. कोणते अभिजात ऑपेरा आहेत ते सोडा. ते असणारच आणि असावेत. पहिल्यांदाच होणारे किती, यावरही फार थांबू नका. दहा-वीस वर्षांपूर्वीचे, ज्यांचा गाजावाजा ओसरला आहे, ज्यांच्यासाठी वर्तमानपत्रे आता पान देणार नाहीत, असे किती आहेत ते शोधा. अँथनी डेव्हिसचा माल्कम एक्सवरचा ऑपेरा न्यूयॉर्कमध्ये १९८६ मध्ये झाला आणि मग मोठ्या घरांनी त्याकडे पाहिले नाही. संगीतकाराने त्यावर पुन्हा हात फिरवला, डेट्रॉइटने २०२२ मध्ये तो उभा केला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो मेटवर होता, पहिल्या प्रयोगापासून काही मैलही दूर नाही. सदतीस वर्षे. आणि ‘बटरफ्लाय’? ज्या मिलानने तिला शिट्ट्या मारून हाकलले, त्या ला स्कालाने ७ डिसेंबर २०१६ रोजी हंगामाचे उद्घाटन तिनेच केले. वाद्यवृंदाचे संचालक रिकार्दो शाई यांनी त्या रात्रीसाठी निवडली ती पुच्चिनीने पुढे दुरुस्त केलेली, जगाला पाठ असलेली स्वरलिपी नव्हती. ती १९०४ च्या फेब्रुवारीतली होती, लांबलचक दुसऱ्या अंकासकट, त्या रात्री पडलेली. प्रेक्षक शेवटपर्यंत बसले आणि पडदा पडल्यावर कित्येक मिनिटे उठले नाहीत. टाळ्या वाजवत राहिले.